पोशो मिल : दळण आणि विश्वास

पूर्व आफ्रिकेतील बाजारात धान्य मोजण्याच्या पत्र्याच्या डब्याला स्वाहिली भाषेत ‘डेबे’ म्हणतात. मराठी ‘डब्या’शी त्याचे नाते सहज ध्यानी येते. मक्याने भरलेला असा डबा घेऊन केनियातील गृहिणी जेथे जाते, ती ‘पोशो मिल’ म्हणजे तेथील दळणाची गिरणी. तेथील पिठाची घट्ट उकड ‘उगाली’ या नावाने रोजच्या जेवणात असते. मलावीत तिलाच ‘न्सिमा’ म्हणतात. हे रोजचे अन्न एका लहान व्यवसायाचा आधार आहे.

यंत्राची निवड

या गिरण्यांत बहुधा हॅमर मिल असते. वेगाने फिरणाऱ्या चक्राला अडकवलेले पोलादी हातोडे दाणे फोडतात आणि जाळीतून पीठ बाहेर पडते. पिठाचा बारीकपणा जाळीच्या छिद्रांवर ठरतो. उगालीसाठी सुमारे एक मिलिमीटरची जाळी लागते, पशुखाद्याच्या भरडीला अधिक मोठी. टांझानियात साल काढून दळलेल्या पांढऱ्या पिठाला ‘सेंबे’, तर सालासकट दळलेल्याला ‘डोना’ म्हणतात. गिऱ्हाइकांना सेंबे हवे असल्यास साल काढण्याचे वेगळे यंत्रही घ्यावे लागते. म्हणून यंत्राआधी परिसरातील आवड पाहणे श्रेयस्कर.

थ्री-फेज वीज भरवशाची असेल तेथे विद्युत मोटर सोयीची. अन्यत्र डिझेल इंजिनाला पर्याय कमी. त्याचे सुटे भाग आणि जाणकार मिस्त्री जवळपास मिळतात का, हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

हिशेब आणि निगा

समजा, इंजिन तासाला ३ लिटर डिझेल घेते आणि २०० किलो मका दळते; तर १०० किलोंमागे दीड लिटर खर्च होते. ओलसर मक्याने जाळी तुंबून दळण १५० किलोंवर आले, तर तोच खर्च २ लिटर होतो. दळणाचा दर मात्र तोच राहतो! नफा गळतो तो असा.

हातोड्यांची एक कड झिजली की ते उलटवून दुसरी कड वापरता येते. बदलताना मात्र समोरासमोरचे हातोडे सारख्याच वजनाचे हवेत; अन्यथा यंत्र थरथरते आणि बेअरिंग निकामी होतात. धान्याच्या तोंडाशी लोहचुंबक असल्यास खिळे आत जात नाहीत. पट्ट्यावर संरक्षक जाळी अनिवार्य समजावी.

अन्नाची जबाबदारी

२००४ साली पूर्व केनियात बुरशीतील अफ्लाटॉक्सिन या विषाने ३१७ जण बाधित झाले आणि १२५ जणांचा मृत्यू झाला. दमट जागी साठवलेला घरचा मका त्यास कारणीभूत ठरला. हे विष दळल्याने वा शिजवल्याने नाहीसे होत नाही. पूर्व आफ्रिकेच्या मानकानुसार मक्यातील ओलावा १३.५ टक्क्यांहून अधिक नसावा. दाण्यावर बुरशी दिसल्यास दळण नाकारणे हेच गिरणीचालकाचे कर्तव्य ठरते. त्या दिवशीची मजुरी बुडते. पण डबा घेऊन येणारी गृहिणी उद्याही त्याच विश्वासाने येते.

म्हणूनच भांडवलाचा आराखडा करताना केवळ यंत्राची किंमत धरून भागत नाही. जाळ्या, हातोडे आणि पट्टे यांसाठी दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला काढणारा गिरणीवाला ऐन सुगीत यंत्र बंद पडल्याचे दुःख क्वचितच अनुभवतो, आणि कर्जाचा हप्ताही वेळेवर फेडतो.