नागद्वार: बॅग हलकी, कचरा परत

बॅकपॅकिंग म्हटलं की आपल्याला लाओस, थायलंड आठवतं. पण नागपंचमी जवळ आली की नागपुरातून पचमढीकडे गाड्या सुटतात आणि आपलीच माणसं पाठीवर पिशवी टाकून नागद्वारची वाट चालतात.

ही वाट वर्षातून थोडेच दिवस उघडते, कारण ती सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून जाते. चढउतार, घसरडे दगड, लोखंडी शिड्या! जेवणाचं ओझं नको. विदर्भातल्या मंडळांचे भंडारे असतात. मग घ्यायचं काय? रेनकोट, पकड असलेले बूट, टॉर्च, मोबाईलला वॉटरप्रूफ कव्हर. नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, ते आधीच ठरवा. आणि रिकामी बाटली, रॅपर बॅगेतूनच परत आणा. यात्रा संपली की ते जंगल पुन्हा वाघाचं.