अ‍ॅलिस स्प्रिंग्जचं तारघर

ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यावर, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज गावाच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर दगडी भिंतींच्या बैठ्या इमारती आहेत. शेजारची टॉड नदी बहुतेक वेळा कोरडीच असते. तिच्या पात्रातल्या डोहात पाणी टिकतं, म्हणून १८७२ साली इथं तारघर आलं. या वैराण मुलखात पाण्याच्या आधाराशिवाय माणसं राहणं शक्यच नव्हतं.

दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत १८३६ची. गहू, तांबं आणि लोकर यांवर ती झपाट्यानं वाढली आणि १८६३मध्ये उत्तरेचा अफाट प्रदेशही, ज्यात हे तारघर येतं, तिच्याकडे आला. मात्र लंडनचा भाव कळायला बोटीच्या टपालानं दोन-दोन महिने लागत. यावर उपाय केला चार्ल्स टॉड यांनी. १८५५मध्ये ते वसाहतीत खगोलनिरीक्षक आणि तारखात्याचे प्रमुख म्हणून आले. १८७०पासून टपालही त्यांच्याकडे आलं. दक्षिणेच्या पोर्ट ऑगस्टापासून उत्तर किनाऱ्यावरच्या डार्विनपर्यंत सुमारे छत्तीस हजार खांबांची तार त्यांनी दोन वर्षांच्या आत उभी केली. २२ ऑगस्ट १८७२ रोजी तिची दोन टोकं जुळली. या ठिकाणाला नाव मिळालं ते टॉड यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांचं.

तारघरातलं काम समजून घेतलं की या इमारतींची किंमत कळते. लांबच्या तारेत विजेचा जोर ओसरतो, म्हणून दर अडीच-तीनशे किलोमीटरवर एक ठाणं. तारमास्तरानं यंत्राची टकटक कानानं टिपायची, कागदावर उतरवायची आणि पुढच्या ठाण्याकडे स्वतःच्या बोटांनी पुन्हा पाठवायची. वीज मिळे ती मोरचूद आणि जस्ताच्या बॅटऱ्यांमधून. त्यांची निगा हेही रोजचंच काम. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून व्यापारी सांकेतिक शब्द वापरत. अर्थ न कळणारा तो मजकूर एकही अक्षर न चुकवता पुढं जायला हवा. डार्विनहून तो समुद्राखालच्या तारेनं जावा, सिंगापूर, मद्रास असा येई. तिथून मुंबई आणि मुंबईहून सुएझमार्गे लंडन. वसाहतीची राजधानी अ‍ॅडलेड, तिथल्या लोकरीचा सौदा आपल्या मुंबईवरून जाई, हे वाचताना मला फार आपलंसं वाटतं.

तारेची देखभाल त्याहून खडतर. लाकडी खांब वाळवी खाई, म्हणून पुढं लोखंडी बसवले. ठाण्यांना रसद पुरवायला उंटांचे तांडे चालत. ते उंट आणि उंटवाले कराचीच्या बंदरातून आलेले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं.

पण तारघराशेजारचा हा डोह रिकामा पडलेला नव्हता. तो अरंडा लोकांचा होता, आणि तारेनं पाण्याच्या जागा एकेक करून ताब्यात घेतल्या. उत्तरेच्या बॅरो क्रीक ठाण्यावर १८७४मध्ये कायटिज लोकांनी हल्ला केला. ठाण्याचे प्रमुख जेम्स स्टेपलटन आणि तारदुरुस्तीवाले जॉन फ्रँक्स मारले गेले. सूड म्हणून निघालेल्या पथकांनी किती मूळनिवासी मारले, याची धड नोंदही ठेवली गेली नाही. टॉड यांच्या पराक्रमाच्या कोणत्याही वर्णनात ही गोष्ट आलीच पाहिजे, असं मला वाटतं.

१९३२मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जचं टपाल आणि तार यांचं काम गावात हललं. मग याच इमारतींत, आईबापांपासून तोडून आणलेली मिश्र वंशाची मुलं ठेवली गेली; 'बंगलो' म्हणत त्या वसतिगृहाला. १९४२पर्यंत ते चाललं. आज हे ऐतिहासिक राखीव क्षेत्र आहे. तारयंत्राची खोली पाहून झाली की या मुलांची हकिगतही तिथल्या माणसांना जरूर विचारा.