पडद्यावरची गाडी काबूत कशी आणायची?

संगणकावर मोटारशर्यतीचा खेळ आता घरोघरी पोचला आहे. त्यातले बरेच खेळ नुसत्या करमणुकीचे. बटण दाबलं की गाडी पळते, भिंतीवर आपटली तरी झटकन सरळ होऊन पुन्हा धावू लागते. दुसरा प्रकार सिम्युलेटरचा. त्यात टायरची पकड, गाडीचं वजन, स्प्रिंगचा ताठपणा, वाऱ्याचा दाब या सगळ्याचं गणित सेकंदाला शेकडो वेळा मांडलं जातं. म्हणूनच तिथं नवशिक्याची गाडी पहिल्याच वळणावर गर्रकन फिरते आणि मुलगा म्हणतो, 'हा गेमच खराब आहे.'

ही तक्रार जुनी आहे. १९९८ साली अमेरिकेतल्या पॅपायरस कंपनीनं 'ग्रँड प्रिक्स लेजंड्स' नावाचा खेळ काढला. त्यात १९६७ सालच्या फॉर्म्युला वन शर्यतींच्या गाड्या होत्या. इंजिनं जोरदार, टायर आजच्या मानानं अरुंद आणि गाडीला जमिनीवर दाबून धरणारे पंख अजून आलेले नव्हते. गाडी सरळ ठेवणं हीच परीक्षा होती. म्हणून खेळ बनवणाऱ्यांनी कमी ताकदीच्या, सरावाच्या गाड्याही सोबत दिल्या होत्या. अवघड गाडी सोपी करण्याचा पहिला मार्ग हाच, की आधी लहान गाडी चालवावी.

पण गाडी घसरते तरी का? चाक रस्त्याला टेकतं ती जागा जेमतेम तळहाताएवढी असते. ब्रेक, वळण आणि वेग वाढवणं ही तिन्ही कामं चार चाकांच्या त्या चार तळहातांवरच चालतात. पकड म्हणजे ताटातली एकच भाकरी समजा. सगळी ब्रेकनं खाल्ली तर वळणासाठी काही उरत नाही. वळणात जोरात ब्रेक मारला की गाडी घसरते, त्याचं कारण हे.

दुसरी गोष्ट वजनाची. एसटीनं करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झुकतात. गाडीचं वजनही तसंच पुढच्या चाकांवर जातं आणि मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकाची पकड कमी. अशा वेळी गाडीचं शेपूट बाहेर येतं, याला ओव्हरस्टिअर म्हणतात. उलट, पुढच्या चाकांची पकड सुटली तर स्टिअरिंग फिरवूनही नाक वळत नाही, गाडी सरळच जाते. तो अंडरस्टिअर.

भिवंडीकरांना हे पुस्तकातून शिकायला नको. काल्हेर, पूर्णा, माणकोलीच्या गोदामांतून भरलेला ट्रक निघतो आणि कधी रिकामा परततो. भरलेला ट्रक थांबायला वेळ घेतो. रिकाम्याचं दुखणं वेगळं. मागं वजन नसल्यामुळे ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं जागच्या जागी अडकतात आणि ट्रक तिरका होतो. कसारा घाट उतरताना जुना ड्रायव्हर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतो आणि वळणाच्या आधीच वेग कमी करून घेतो. तो भाकरीचाच हिशेब करत असतो.

मग सिम्युलेटरमध्ये हे इतकं जड का जातं? खऱ्या गाडीत शेपूट हलू लागलं की ते आधी पाठीला आणि कमरेला कळतं. पडद्यासमोरच्या खुर्चीत तसं काही कळत नाही. सगळी भिस्त डोळ्यांवर आणि थोडी स्टिअरिंगच्या कंपावर. म्हणजे खबर उशिरा पोचते. म्हणून गाडीला हात लावण्याआधी खुर्ची-टेबलाची व्यवस्था नीट करावी.

पडदा जवळ घ्यावा आणि दृश्याचा कोन पडद्याच्या रुंदीशी व अंतराशी जुळवावा. कोन फार रुंद असला तर वळण आहे त्याहून लांब दिसतं आणि ब्रेक उशिरा लागतो. हातातलं चाक जेवढं फिरतं, तेवढंच पडद्यावरचं फिरायला हवं. नाहीतर बोटभर हालचालीनं गाडी हातभर वळते. स्टिअरिंगच्या मोटरचा जोर सर्वांत वर ठेवण्याचा मोह टाळावा. जोर कमाल झाला की बारीक कंप त्यात बुडून जातात आणि आपल्याला हवी असलेली खबर त्या कंपातच असते.

एवढं करूनही गाडी फिरत असेल तर स्वतःला एक प्रश्न विचारा. ती नेमकी केव्हा फिरते? वळणात शिरताना, मधोमध, की बाहेर पडताना? प्रत्येक वेळेचं औषध वेगळं आहे.

शिरताना ब्रेकवर शेपूट फिरत असेल तर ब्रेकचा थोडा भार पुढच्या चाकांकडे न्यावा. फार नेला तर मात्र पुढची चाकं अडकतील आणि गाडी वळणारच नाही. वळणाच्या मधोमध शेपूट सैल वाटत असेल तर मागचा अँटी-रोल बार, म्हणजे गाडीला कलू न देणारा दांडा, थोडा नरम करावा किंवा पुढचा ताठ करावा. वेगवान वळणावरच भीती वाटत असेल आणि गाडीला पंख असेल तर मागच्या पंखाचा कोन वाढवावा. सरळ रस्त्यावर थोडा वेग जाईल, पण गाडी जमिनीला धरून राहील. बाहेर पडताना फिरत असेल तर बहुतेक वेळा दोष उजव्या पायाचा असतो. स्टिअरिंग जसजसं सरळ होईल, तसतसा अॅक्सिलरेटर दाबावा. आणखी एक, पहिल्या फेरीत टायर थंड असतात. तेव्हाच्या घसरण्यावरून गाडीची परीक्षा करू नये.

या कामाची पद्धत यंत्रमागाच्या जॉबरकडून शिकावी. ताणा फार ओढला तर धागा तुटतो, सैल सोडला तर कापड बिघडतं. जाणता जॉबर एक पेच थोडासा फिरवतो, माग चालवून बघतो, मग दुसऱ्याला हात लावतो. इथंही एका वेळी एकच बदल करावा आणि चार-पाच फेऱ्या मारून बघावं. पाच बदल एकदम केले तर कशानं गुण आला ते कळत नाही.

सोपी गाडी म्हणजे सर्वांत घट्ट पकड असलेली गाडी, असा एक गैरसमज आहे. खूप पकड असलेली गाडी शेवटच्या क्षणापर्यंत चिकटून राहते आणि मग अचानक सुटते. सोपी गाडी सुटण्याआधी सांगते. थोडा वेग देऊन ही सूचना विकत घ्यायची, हा सौदा नवशिक्यानं डोळे झाकून करावा.

मग एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल यांसारख्या मदती ठेवाव्यात का? सुरुवातीला जरूर ठेवाव्यात. त्यांच्याशिवाय दहा फेऱ्याही पुऱ्या होणार नाहीत आणि फेरी पुरी न करता कोणी शिकत नाही. पण पुढं एकेक मदत कमी करत जावं, कारण त्या आपली चूक गुपचूप पोटात घालतात. खुद्द फॉर्म्युला वननं २००८च्या हंगामापासून ट्रॅक्शन कंट्रोलवर बंदी घातली.

खऱ्या रस्त्याचा न्याय मात्र उलटा आहे. तिथं मदत बंद करायची नाही, तिची भाषा शिकायची. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना आपल्याकडे एबीएस बंधनकारक आहे. गाडीच्या एबीएसनं काम सुरू केलं की ब्रेकचा पेडल पायाखाली थरथरतो. घाबरून पाय उचलू नये, दाबूनच ठेवावा. स्थिरता राखणारी यंत्रणा असेल तर तिचा दिवा डॅशबोर्डवर लुकलुकतो. तो दिवा म्हणतो, 'या वेळी मी वाचवलं, आता वेग कमी कर.'

सिम्युलेटरचा हा उपयोग सरकारनंही ओळखला आहे. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त वाहनचालक प्रशिक्षण केंद्रात सिम्युलेटर आणि चाचणीचा स्वतंत्र ट्रॅक असावा लागतो. ब्रेक सरळ रेषेत मारणं, हात-पाय हळुवार चालवणं, नजर वळणाच्या पुढं ठेवणं हे तीन धडे पडद्यावरून रस्त्यावर जसेच्या तसे येतात. पण राजनोली नाक्यावर मध्येच वळणारी रिक्षा, हातगाडी, पावसाच्या पाण्यात लपलेला खड्डा हे शर्यतीच्या ट्रॅकवर नसतं. घरातल्या मुलाला पडद्यावर गाडी फिरवू द्या, पन्नास वेळा फिरवू द्या. ती का फिरली, हे मात्र प्रत्येक वेळी त्याला विचारा. उत्तर देता येऊ लागलं की शिकवणीला पाठवा. कारण तिथून पुढच्या रस्त्यावर खेळ पुन्हा सुरू करायचं बटण नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)