श्राव्य ग्रंथ आणि रोमन सैनिक

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन साम्राज्यांत थोरला प्लिनी या नांवाचा एक विद्वान अधिकारी होऊन गेला. तरुणपणीं त्यानें जर्मनीच्या सरहद्दीवर घोडदळाची नायकी केली होती. घोड्यावरून भाला कसा फेंकावा यावर त्यानें एक पुस्तक लिहिलें आणि जर्मनीतील युद्धांचा इतिहास वीस भागांत लिहिला; हे दोन्ही ग्रंथ आज नष्ट झाले आहेत. या प्लिनीची दिनचर्या त्याच्या भाच्यानें एका पत्रांत वर्णन करून ठेविली आहे. जेवतांना, उन्हांत पडला असतांना, स्नानानंतर अंग पुसून घेतांना त्याच्याजवळ एक वाचक ग्रंथ वाचीत असे. एकदां जेवणाच्या वेळीं वाचकाकडून कांहीं शब्दांचा उच्चार चुकला, तेव्हां पंक्तीस बसलेल्या एका मित्रानें त्याला थांबवून तो भाग पुन्हां वाचावयास लाविला. अर्थ कळला होता कीं नाहीं, असें प्लिनीनें मित्रास विचारिलें. कळला होता, असें उत्तर येतांच, मग मागें कशाला नेलें, या अडथळ्यानें दहा ओळी बुडाल्या, म्हणून तो मित्रावरच रागावला.

आज आगगाडींत कानाला यंत्र लावून रोमन पलटणींच्या कूचाचें वर्णन ऐकणारा प्रवासी कांहीं नवीन करीत आहे असें नाहीं. रोममधील सुस्थितींतील माणसें ग्रंथ पुष्कळदां ऐकतच असत. वाचणारा बहुधा घरचा गुलाम असे. नवीन ग्रंथ सिद्ध झाला कीं ग्रंथकार मित्रमंडळींस बोलावून तो स्वतः वाचून दाखवी. मनांतल्या मनांत वाचणें अगदींच अज्ञात होतें असें नव्हे, पण वाक्य रचितांना लेखकाच्या डोळ्यांपुढें श्रोता असे. लढाईच्या आधीं सेनापतीचें लांबलचक भाषण घालण्याची जी चाल त्या इतिहासकारांत दिसते, तिचें एक कारण येथें आहे. छापील पानावर तीं भाषणें कंटाळवाणीं होतात. चांगल्या वाचकाच्या तोंडून ऐकलीं म्हणजे त्यांत जीव येतो. म्हणून ऐकणें हें आळशी मनुष्याचें वाचन होय, हा पुष्कळांचा समज निदान या ग्रंथांपुरता तरी टिकत नाहीं.

ध्वनिमुद्रित पुस्तकाच्या जन्माशींहि सैनिकाचा संबंध आहे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत तोफगोळ्यांनीं आणि विषारी वायूनें अनेकांची दृष्टि गेली. प्रौढ वयांत अंधत्व आलेल्या माणसाला बोटांनीं उठावाचीं अक्षरें वाचावयास शिकणें फार जड जातें. अशा सैनिकांसाठीं इंग्लंडांत १९३५ सालीं बोलक्या पुस्तकांची योजना सुरू झाली. तबकडीच्या एका बाजूवर सुमारें २५ मिनिटांचें वाचन मावे आणि एका पुस्तकाला अनेक तबकड्या लागत. अमेरिकेंत असें काम एक वर्ष आधीं सुरू झालें होतें. पुढें फिती आल्या, चकत्या आल्या, आणि आतां सर्व ग्रंथालय मोबाइलमध्यें सामावतें. २००५ सालीं सुरू झालेल्या लिब्रिव्हॉक्स या उपक्रमांत स्वयंसेवक जुने ग्रंथ वाचून ते विनामूल्य उपलब्ध करून देतात. सीझरचे गॉलमधील युद्धांचे वृत्तांत तेथें मिळतात. गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास संपूर्ण ऐकावयाचा तर शंभराहून अधिक तास लागतात. तेवढा धीर फार थोड्यांना असेल.

सीझरपासून आरंभ करणें सर्वांत सोपें. पण धोकाहि तेथेंच आहे. गॉलच्या युद्धांचे आठ भाग आहेत. त्यांपैकीं सात सीझरनें लिहिले, आठवा त्याचा सहकारी हिर्शियस यानें पुरा केला. सीझर स्वतःविषयीं "मी" असें लिहीत नाहीं. "सीझरनें हुकूम दिला", "सीझर पुढें गेला" असें लिहितो. पुस्तक हातांत असतें तेव्हां वेष्टनावरचें नांव सारखें समोर राहतें. कानाला तें वेष्टन नसतें. दोन तास एका शांत, तटस्थ आवाजांत "सीझरनें असें केलें" हें ऐकल्यावर, बोलणारा कोणी त्रयस्थ साक्षीदार आहे असें वाटूं लागतें. इ. स. पूर्वीं ५७ मध्यें नर्व्ही लोकांशीं झालेल्या लढाईंत फळी मोडूं लागली तेव्हां सीझरनें मागच्या रांगेंतील एका शिपायाची ढाल घेतली, तो आघाडीस गेला आणि शंभरीनायकांना, म्हणजे सेंच्युरियनांना, नांवानें हांका मारल्या, हा प्रसंग ऐकतांना अंगावर कांटा येतो. प्रसंग बहुधा खराच असेल. तथापि ज्याची ढाल घेतली त्या शिपायाचें पुढें काय झालें, हें सीझर सांगत नाहीं. आणि ऐकणाऱ्यालाहि तें विचारण्याचें सुचत नाहीं, कारण आवाज थांबत नाहीं.

आंकड्यांचेंहि असेंच आहे. इ. स. पूर्वीं ५२ मध्यें अलेशिया येथें व्हर्सिंगेटोरिक्स यास सोडविण्यासाठीं आलेल्या गॉल सैन्यांत सुमारें अडीच लाख पायदळ होतें असें सीझर म्हणतो. आधुनिक इतिहासकारांना ही संख्या फुगविलेली वाटते. डोळा अशा आंकड्यापाशीं अडखळतो, कान गिळून पुढें जातो. स्थळवर्णनांत तर कानाची फारच फजिती होते. अलेशियाच्या वेढ्यांत सीझरनें दोन कडीं बांधलीं : आंतलें शहराला कोंडणारें, सुमारें ११ रोमन मैलांचें, आणि बाहेरचें सोडवणुकीस येणाऱ्या सैन्याला अडविणारें, १४ मैलांचें. रोमन मैल दीड किलोमीटरांहून किंचित् कमी. वेढा घालणाराच वेढला गेला, ही या लढाईची गंमत. ती नुसत्या ऐकण्यानें क्वचितच उमगते. एका कागदावर दोन वर्तुळें काढून मधल्या पट्ट्यांत रोमनांना बसविलें कीं सर्व हालचाल लख्ख दिसते. नकाशा जवळ असल्यावांचून युद्धेतिहास ऐकूं नये.

याच्या उलट, जेथें मूळ प्रसंगच नादाचा आहे तेथें कान डोळ्यावर मात करितो. जोसीफस हा यहुदी सेनानी इ. स. ६७ मध्यें जोटापाटा येथें रोमनांच्या हातीं सांपडला आणि पुढें त्यानें त्या युद्धाचा इतिहास लिहिला. रोमन छावणी कशी उठते हें तो सांगतो. पहिला कर्णा वाजला कीं तंबू उतरावयाचे. दुसरा वाजला कीं सामान खेंचरांवर लादून उभें राहावयाचें. तिसरा वाजला कीं निघावयाचें. मग सेनापतीच्या उजव्या हातास उभा असलेला भालदार तीन वेळां विचारी कीं, युद्धास सिद्ध आहांत काय? प्रश्न पुरता होण्यापूर्वींच हजारों उजवे हात वर जात आणि होकाराची गर्जना उठे. पोवाडा ऐकण्याची संवय असलेल्या मराठी कानाला येथें कांहीं समजावून सांगावें लागत नाहीं.

अलीकडे इतिहासाहून ऐतिहासिक कादंबऱ्याच अधिक ऐकल्या जातात. सायमन स्कॅरो याची "अंडर द ईगल" ही २००० सालची कादंबरी इ. स. ४२ मधील ऱ्हाईन नदीवरच्या छावणींत उघडते. मॅक्रो हा मुरलेला सेंच्युरियन आणि केटो हा नवखा पोरगा, अशी तिच्यांत जोडी आहे. इंग्रजी वाचनांत हे रोमन शिपाई पुष्कळदां इंग्रज शिपायासारखे बोलतात. त्यांत फारसें बिघडत नाहीं. सरहद्दीवरची लॅटिन तरी कोठें एका घाटाची होती? तेथें गॉल, स्पेन, जर्मनी, सीरिया अशा नाना देशींचे लोक भरलेले असत. शिवाय सीझर ज्याचें नांव घेत नाहीं अशा साध्या शिपायाला कादंबरीकार बोलावयास लावितो, हा त्याचा गुण मानला पाहिजे.

पण त्या शिपायाच्या जगांतले खरे कागदहि आतां उपलब्ध आहेत. उत्तर इंग्लंडांतील विंडोलांडा या ठाण्याच्या जागीं १९७३ सालापासून पोस्टकार्डाएवढ्या पातळ लांकडी पट्ट्या सांपडूं लागल्या. त्यांवर शाईनें लिहिलेलीं पत्रें आणि हिशेब आहेत. कोणीतरी कोणाला मोजे, वहाणांचे दोन जोड आणि दोन आंतले कपडे पाठविल्याचें त्यांतल्या एका पत्रांत लिहिलें आहे. आणखी एका पट्टीवर टंग्रियन लोकांच्या पहिल्या पलटणीची १८ मे या दिवसाची हजेरी आहे. सन लिहिलेला नाहीं, पण काळ पहिल्या शतकाच्या अखेरचा. ती वाचून दाखविणाऱ्याला आवाज चढविण्यास कोठेंच जागा नाहीं, आणि ऐकणाऱ्यानें मात्र येथें प्लिनीचा नियम मोडून यंत्र दोनदां मागें न्यावें. एकूण माणसें ७५२. कामगिरीवर बाहेर गेलेलीं ४५६. ठाण्यांत हजर २९६. त्यांपैकीं आजारी १५, जखमी ६, डोळे आलेले १०. कामास लायक २६५.