रेग्युलर एक्स्प्रेशन : प्रतिगमन व मंदगती

संगणकातील मजकुरात विशिष्ट रचनेचा अक्षरसमूह शोधण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या सांकेतिक सूत्राला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. या संकल्पनेचा पाया अमेरिकन गणितज्ञ स्टीव्हन क्लीनी यांच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाने घातला.

सूत्र मजकुराशी ताडून पाहण्याची एक रूढ पद्धती म्हणजे बॅकट्रॅकिंग किंवा प्रतिगमन होय. तीत संगणक एक पर्याय धरून पुढे जातो व तो निष्फळ ठरल्यास मागे येऊन दुसरा पर्याय धरतो. एकच मजकूर अनेक प्रकारे विभागता येत असल्यास अशा फेऱ्या बेसुमार वाढतात. उदा., ‘+’ हे चिन्ह ‘एक वा अधिक वेळा’ या अर्थी घेतल्यास, (अ+)+ब हे सूत्र ‘अ’च्या गटांनंतर येणारा ‘ब’ शोधते. ओळीत ३० ‘अ’ असून ‘ब’ नसेल, तर त्या सर्वांचे गट ५३ कोटींहून अधिक प्रकारे पडू शकतात आणि ‘जुळत नाही’ असे ठरविण्यापूर्वी ते सर्व तपासले जाण्याचा संभव असतो. एक ‘अ’ वाढताच काम सुमारे दुप्पट होते. जुळणाऱ्या मजकुरावर हेच सूत्र जलद चालत असल्याने हा दोष चाचणीत सहसा उघडकीस येत नाही.

२० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले. ओळीअखेरच्या मोकळ्या जागा काढणाऱ्या सूत्रापुढे, ओळीच्या अखेरीस नसलेल्या सुमारे २०,००० सलग मोकळ्या जागा आल्या होत्या. प्रत्येक जागेपासून शोध नव्याने सुरू झाल्यामुळे सुमारे २० कोटी तपासण्या आवश्यक ठरल्या. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीची सेवा अशाच सदोष सूत्रामुळे जगभर २७ मिनिटे विस्कळित झाली. असा मजकूर मुद्दाम पाठवून सेवा ठप्प करणेही शक्य असते.

यावरील पहिला उपाय म्हणजे सूत्र निःसंदिग्ध करणे. वरील उदाहरणात अ+ब एवढ्यानेच तेच काम होते. पुनरावृत्तीच्या आत पुनरावृत्ती टाळावी, तसेच लगतचे दोन पुनरावर्ती भाग एकच अक्षर स्वीकारणार नाहीत असे पाहावे. मजकुराची लांबी व तपासणीचा वेळ यांवर मर्यादा घालणेही हितावह असते.

मूलगामी उपाय केन टॉमसन यांनी १९६८ मध्ये मांडला. त्यांच्या पद्धतीत सर्व संभाव्य पर्याय एकाच वेळी पुढे नेले जातात. त्यामुळे ठरावीक सूत्रासाठी लागणारा वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो. गूगलने २०१० मध्ये खुली केलेली आरई२ ही प्रणाली याच तत्त्वावर आधारलेली आहे. मात्र आधी जुळलेला भाग जसाच्या तसा पुन्हा मागणारी सूत्रे तीत चालत नाहीत. परक्याकडून आलेला मजकूर तपासताना ही उणीव पत्करणे बहुधा श्रेयस्कर ठरते.