परत केलेले वेतन आणि भरलेला कर

प्राप्तिकराची सारी उभारणी वर्ष या एककावर झालेली आहे. उत्पन्न प्रवाहासारखे अखंड असले तरी कर आकारण्यासाठी त्याचे बारा बारा महिन्यांचे तुकडे पाडावे लागतात, आणि एकदा तुकडा पाडून त्यावर कर घेतला की तो पुन्हा हाती घेण्यास कायदा सहसा राजी नसतो. बहुतेक करदात्यांना या व्यवस्थेचा उपद्रव होत नाही. परंतु एखाद्या नोकराला एका वर्षी चुकीने अधिक वेतन दिले गेले, त्यावर त्याने रीतसर कर भरला, आणि पुढे दुसऱ्या वर्षी ती अधिक रक्कम त्याला परत करावी लागली, तर प्रश्न उपस्थित होतो. जे उत्पन्न अखेर त्याचे ठरलेच नाही त्यावरील कराचे काय करावयाचे? या प्रश्नाचा सर्वांत सविस्तर विचार अमेरिकेच्या करकायद्यात झालेला असल्यामुळे विवेचनासाठी तोच घेणे सोयीचे आहे.

तेथील विचाराचा पाया १९३२ सालच्या नॉर्थ अमेरिकन ऑइल या खटल्यात घातला गेला. वादग्रस्त तेलभूमीचे १९१६ सालचे उत्पन्न न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाकडे होते. ते १९१७ साली कंपनीला मिळाले, आणि मालकीचा वाद मात्र १९२२ साली मिटला. कर कोणत्या वर्षी, असा प्रश्न होता. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी १९१७ हे उत्तर दिले. रक्कम हक्काच्या दाव्याने हाती आली आणि ती वापरण्यास कोणतेही बंधन नसले, तर ती त्याच वर्षीचे उत्पन्न होय. पुढे परत करावी लागण्याचा संभव असला तरी त्याने फरक पडत नाही. यालाच ‘हक्काच्या दाव्याचा सिद्धांत’ असे नाव पडले. तिजोरीच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. वाद मिटेपर्यंत थांबावयाचे ठरविले तर कर कधीच गोळा व्हावयाचा नाही.

या सिद्धांताचा काच सामान्य नोकरदाराला कसा बसतो हे १९५१ सालच्या लुइस खटल्याने उघड केले. लुइस यांना १९४४ साली सुमारे २२,००० डॉलर बोनस मिळाला व त्यांनी तो विवरणपत्रात दाखवून कर भरला. नंतर राज्याच्या न्यायालयात बोनसची आकडेमोड चुकल्याचे ठरले, आणि निर्णयानुसार १९४६ साली त्यांनी सुमारे ११,००० डॉलर परत केले. त्यांची मागणी साधी होती: १९४४ चा कर नव्याने मोजावा. सरकारचे म्हणणे असे की, १९४४ चे वर्ष संपले. रक्कम ज्या वर्षी परत केली त्या १९४६ च्या उत्पन्नातून ती वजा करावी. वरवर पाहता दोन्ही मार्गांनी एकच रक्कम वजा होते. परंतु १९४४ हे युद्धवर्ष होते. त्या वर्षी कराचा सर्वोच्च दर शेकडा ९४ होता आणि १९४६ साठी दर उतरविण्यात आले होते. चढ्या दराने भरलेला कर उतरत्या दराने परत मिळणे म्हणजे जे कधी आपले नव्हतेच त्यासाठी दंड भरणे होय. सर्वोच्च न्यायालयाने तरीही सरकारचीच बाजू उचलून धरली. न्यायमूर्ती डग्लस यांनी भिन्नमत नोंदविले. बहुमताचा तर्क करवर्षाशी प्रामाणिक होता, डग्लस यांचा तर्क करदात्याशी, असे म्हणावयास हरकत नाही.

तीनच वर्षांनी, १९५४ च्या महसूल संहितेत, काँग्रेसने कलम १३४१ घालून या अन्यायावर उपाय केला. पूर्वीचे वर्ष उघडावयाचे नाही हे तत्त्व तिने सोडले नाही. मात्र परतफेडीच्या वर्षाचा कर दोन रीतींनी मोजून त्यांतील जो कमी येईल तो भरण्याची सवलत दिली. पहिल्या रीतीत परत केलेली रक्कम चालू वर्षाच्या उत्पन्नातून वजा होते. दुसऱ्या रीतीत चालू वर्षाचा कर त्या वजावटीविना काढावयाचा, आणि ती रक्कम मुळात मिळालीच नसती तर जुन्या वर्षाचा कर जितका कमी झाला असता तितका त्यातून उणा करावयाचा. जुन्या वर्षाचे विवरणपत्र बंदच राहते, परंतु त्यातील अन्यायाचे मोल चालू वर्षी चुकते होते. समजा, शेकडा २४ चा दर लागू असताना ६,००० डॉलर अधिक मिळाले व शेकडा १२ चा दर लागू असताना ते परत केले. पहिल्या रीतीने ७२० डॉलरचा कर वाचतो, दुसरीने १,४४० चा. परतफेड करणारा त्या वर्षी निवृत्त किंवा बेकार असेल व त्याला कर लागूच नसेल, तर पहिल्या रीतीतून काहीही निष्पन्न होत नाही. दुसऱ्या रीतीने मात्र १,४४० डॉलर सरकारकडून रोख परत मिळतात.

येथवर व्यवस्था न्याय्य दिसते. परंतु कलमाचा लाभ होण्यासाठी त्या वर्षीची वजावट ३,००० डॉलरांहून अधिक असली पाहिजे. १९५४ साली ही रक्कम सरासरी अमेरिकन कामगाराच्या वर्षभराच्या वेतनाएवढी होती. म्हणजे सवलत मोठ्या पगारदारांसाठीच होती असे दिसते. हा आकडा नंतर कधी बदलला नाही, आणि चलनवाढीने जे काम केले ते विधिमंडळाला सुचले नसते: मर्यादेचे खरे मोल घटत जाऊन सामान्य नोकरही तिच्या आत आले. तथापि मर्यादेखालील माणसाची स्थिती उलट बिघडली. ३,००० डॉलर वा त्याहून कमी परतफेड पूर्वी किरकोळ तपशीलवार वजावटींत, उत्पन्नाच्या शेकडा २ हून अधिक असेल तेवढ्यापुरती, धरता येत असे. डिसेंबर २०१७ च्या कायद्याने ही वजावट २०१८ पासून तहकूब केली आणि २०२५ च्या कायद्याने ती कायमची रद्द केली. परिणामी ३,१०० डॉलर परत करणाऱ्याला कर परत मिळतो. शेकडा २२ च्या दराने कर भरून पुढे २,९०० डॉलर परत करणाऱ्याचे ६३८ डॉलर मात्र बुडतात. हप्त्यांनी परतफेड करणाऱ्याची गत तर अधिक विचित्र आहे. मर्यादा ही त्या त्या वर्षीच्या वजावटीला लावलेली असल्यामुळे ९,००० डॉलर तीन वर्षांत समान हप्त्यांनी फेडले तर कोणत्याही वर्षी ती ओलांडली जात नाही. मालकाने दया म्हणून दिलेली सवड येथे नोकराच्या मुळावर येते.

दुसरी अडचण रकमेच्या स्वरूपाची आहे. परतफेड त्याच वर्षी झाली तर मालक कपातीचे हिशेब आतल्या आत दुरुस्त करतो. वर्ष उलटले की कापून भरलेला प्राप्तिकर मालकाला सरकारकडून परत घेता येत नाही; तो नोकराच्या नावे जमा झालेला असतो. सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर यांच्या वर्गणीची गोष्ट निराळी. ती मुदतीत अर्ज करून मालक आपल्या व नोकराच्या वाट्यासह परत मिळवितो आणि डब्ल्यू-२ सी या नमुन्यावर सुधारित वेतनपत्रक देतो. त्या पत्रकात वर्गणीपात्र वेतनाचा आकडा बदलतो, प्राप्तिकरपात्र वेतनाचा बदलत नाही. कारण ते वेतन त्या वर्षी खरोखर हाती आले होते. नवे पत्रक हाती येताच जुने प्राप्तिकर विवरणपत्र सुधारावयास धावणे ही यातील नेहमीची चूक होय.

आकड्यांत पाहावयाचे तर, डिसेंबर २०२३ मध्ये ४,००० डॉलर अधिक दिले गेले असे धरू. शेकडा २२ प्रमाणे ८८० प्राप्तिकर व शेकडा ७.६५ प्रमाणे ३०६ वर्गणी वजा जाता नोकराच्या हाती २,८१४ पडतात. २०२४ मध्ये मालक वर्गणी सोडून ३,६९४ मागतो. जे ८८० डॉलर नोकराने कधी पाहिलेही नाहीत ते त्याला पदरचे भरावे लागतात, आणि कलम १३४१ खाली त्यांची भरपाई २०२५ च्या वसंतात विवरणपत्र भरल्यावर होते. दोष मालकाचा, पैसा सरकारजवळ, आणि मधल्या काळातील बिनव्याजी उसनवारी नोकराची, असा हा प्रकार आहे. मागणीपत्रात एकूण रक्कम पाहून नोकर संतापतात ते साहजिक असले तरी मालकाची मागणी हिशेबाला धरूनच असते.

या प्रश्नाचे मोल केवळ बौद्धिक नाही, हे २०१६ साली कॅलिफोर्नियात दिसले. इराक व अफगाणिस्तानच्या युद्धकाळात तेथील नॅशनल गार्डच्या हजारो सैनिकांना पुन्हा नाव नोंदविण्यासाठी बोनस देण्यात आले होते. ते नियमबाह्य होते असे सांगून दहाएक वर्षांनी वसुली सुरू झाली. बोभाटा झाल्यावर त्या वर्षीच्या ऑक्टोबरात संरक्षणमंत्री कार्टर यांनी वसुली थांबविली.

भारतात प्रश्न अपरिचित नाही, त्याची कायदेशीर वाट मात्र अपुरी राहिली आहे. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाने कलम ८९ खाली थकबाकीने मिळालेल्या वेतनाला दिलासा दिला: मागील वर्षांचे वेतन एकदम हाती आल्याने दर चढला तर तो फरक सोडून द्यावयाचा. कल्पना कलम १३४१ च्या जवळची, पण दिशा एकच. उशिरा मिळालेल्या पैशाची सोय केली, परत गेलेल्या पैशाची केली नाही. अहमदाबाद येथील प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ साली नोटिशीच्या मुदतीपोटी मालकाने कापलेली रक्कम वगळून उरलेले वेतनच करपात्र धरले. परंतु ती कपात चालू वेतनातूनच झालेली होती.

महाराष्ट्रात वेतननिश्चितीतील चुका पुष्कळदा निवृत्तीच्या तोंडावर, सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेल्यावर, उजेडात येतात. तोवर संबंधित वर्षांची विवरणपत्रे सुधारण्याची मुदत केव्हाच टळलेली असते. अशा वसुलीला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मधील रफीक मसीह प्रकरणात आळा घातला. तृतीय व चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले वा वर्षभरात होणारे, आणि ज्यांना पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असे कर्मचारी यांच्याकडून ती वसूल करू नये, असे त्यात सांगितले. जुलै २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने पुस्ती जोडली की, जादा रक्कम परत करीन असे हमीपत्र देऊन सुधारित वेतन घेतलेल्या अधिकाऱ्याला हा आधार मिळावयाचा नाही. नव्या वेतनश्रेणीच्या वेळी असे हमीपत्र बहुतेक सर्वांकडून लिहून घेतले जाते. दोन्ही प्रकरणांत वसुली करावी की नाही एवढाच वाद होता. त्या रकमेवर पूर्वीच भरलेल्या कराचा निवाडा करण्याचा प्रसंग तेथे आला नाही.