तापात वाढवायची गोळी

‘व्हायरल आहे, चार दिवसांत उतरेल,’ हे वाक्य पावसाळ्यात आपल्याकडच्या कुठल्याही दवाखान्यात ऐकू येतं आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. ज्याच्या ॲड्रिनल ग्रंथी काम करत नाहीत, त्याच्यासाठी मात्र तापाचा पहिला दिवसच निर्णायक असतो.

दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या. त्यांचं कॉर्टिसोल हे संप्रेरक रक्तदाब आणि रक्तातली साखर टिकवून धरतं. एरवी दिवसाला दहा मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं. विषाणू शिरला की प्रतिकार करणाऱ्या पेशी इंटरल्यूकिन-६ सारखी रसायनं सोडतात. ती मेंदूपर्यंत पोचतात, मेंदू पिट्युटरीला कळवतो, पिट्युटरी ॲड्रिनलला, आणि कॉर्टिसोलचं प्रमाण वाढतं. हे जादा कॉर्टिसोल रक्तवाहिन्या सैल पडू देत नाही आणि प्रतिकारशक्तीच्या स्वतःच्याच अतिरेकाला लगाम घालतं. ग्रंथीच निकामी असतील, तर निरोप पोचूनही उपयोग नसतो.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये या आजारावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याचं मोठं कारण क्षयरोग होतं. पाश्चात्त्य देशांत आता बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथींवर उलटलेली आढळते. भारतात क्षयाचा विचार आजही करावा लागतो. पण याहून कितीतरी मोठा गट आहे तो दमा, संधिवात, ल्युपस यांसाठी महिनोन् महिने स्टेरॉइड घेणाऱ्यांचा. कॉर्टिसोलचंच काम करणारं हे औषध बाहेरून आयतं मिळत राहिल्यानं त्यांच्या ग्रंथी सुस्तावतात. सांधेदुखीवरच्या ‘जडीबुटी’च्या पुड्यांमध्येही स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. ते घेणाऱ्याला आपण या गटात आहोत याची कल्पनाही नसते.

इथेच घात होतो. ‘स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती कमी होते’ हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण पाहिल्यावर तर ती धास्ती घराघरांत बसली. मोठ्या मात्रेच्या बाबतीत ती गैरही नाही. पण ताप आला म्हणून घरचेच ‘आता ही गोळी बंद कर’ म्हणतात, तेव्हा अंगात जे मुळात तयारच होत नाही, तेवढंच काढून घेतलं जातं. या माणसांची रोजची १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे गोळीच्या रूपातलं कॉर्टिसोल, ही फक्त उणीव भरून काढते.

तापात ती बंद तर करायची नाहीच, उलट वाढवायची. ढोबळ नियम असा: ताप ३८ अंश सेल्सियसच्या, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की दुप्पट, ३९च्या वर गेला की तिप्पट. नेमकी मात्रा प्रत्येकानं आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायची. कोविडमध्ये ताप दिवसरात्र चढाच राहतो म्हणून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी दर सहा तासांनी २० मिलिग्रॅम, रात्रीही उठून, असा सल्ला दिला होता.

तापापेक्षाही भीती वाटावी ती उलटी-जुलाबांची. नोरोव्हायरस, रोटाव्हायरस हे एरवी सलाईनवर भागणारे पाहुणे. पण पोटात गोळीच ठरत नसेल, तर वाढवलेली मात्रा कागदावरच राहते. जर्मनीत ४२३ रुग्णांवर लक्ष ठेवून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०० रुग्णांमागे वर्षाला आठच्या वर ‘ॲड्रिनल क्रायसिस’, म्हणजे कॉर्टिसोल अपुरं पडून जिवावर बेतण्याचे प्रसंग, नोंदले गेले. पोटाचे संसर्ग आणि ताप ही त्यांची प्रमुख कारणं होती. अशा वेळी १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं. एका लहानशा कुपीत पांढरी पावडर असते. तिच्यात निर्जंतुक पाणी सोडायचं, विरघळेपर्यंत हलवायचं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचायचं. घरातल्या एकाला तरी हे शिकवून ठेवावं, असं तज्ज्ञ आग्रहानं सांगतात.

आपल्याकडे एक जास्तीचा पेच आहे तो डेंगीचा. पोटदुखी, सततच्या उलट्या, गळून जाणं, उतरता रक्तदाब ही गंभीर डेंगीची लक्षणं, आणि ॲड्रिनल क्रायसिसचीही. शिवाय डेंगीवर उपचार म्हणून स्टेरॉइड देत नाहीत, त्यामुळे चार्टवर स्टेरॉइड दिसलं की ते थांबवण्याकडे कल होणं स्वाभाविक. इथे ते डेंगीसाठी नाहीच, हे कुणीतरी ठासून सांगावं लागतं. प्लेटलेट घसरलेल्या असतील, तर तेच औषध स्नायूऐवजी शिरेतून द्यायचं.

विषाणू या रुग्णांना जास्त गाठतात का? ब्रिटनमधल्या संशोधकांना २०१७ मध्ये असं दिसलं, की मूळ ग्रंथीच निकामी झालेल्यांच्या ‘नॅचरल किलर’ पेशी, म्हणजे विषाणूबाधित पेशी मारणारी पहिली फळी, क्षीण असतात. फ्लूची लस दरवर्षी घ्यायला तेवढं कारण पुरेसं आहे.

एवढं करूनही कॅज्युअल्टीत जायची वेळ आलीच, तर सोबतच्या माणसानं फाइल उघडण्याआधी तोंडी सांगावं: ‘यांच्या ॲड्रिनल काम करत नाहीत, हायड्रोकॉर्टिसोन आधी द्या.’ रक्त तपासायला घ्यावं, पण कॉर्टिसोलचा रिपोर्ट येईपर्यंत इंजेक्शन थांबवू नये.